दीड फुटाचा ओटा

भाच्याने फिनिक्समध्ये जुनी आरव्ही घेतली तेव्हा तिचं इंजिन, तिचे टायर आणि छपराची गळती यांबद्दल तो फोनवर तासन्‌तास बोलला. ओट्याबद्दल अवाक्षर नाही. गाडी पंचवीस फूट लांब. ट्रकच्या सांगाड्यावर बांधलेलं घर, ड्रायव्हरच्या डोक्यावर पलंग. तिकडे क्लास सी म्हणतात ती जात. तीन बर्नरची शेगडी, खाली ओव्हन, वर मायक्रोवेव्ह, समोर फ्रीज. सिंक चांगलं खोल. आणि सिंक व शेगडी यांच्यामध्ये दीड फूट ओटा. शेगडीच्या पलीकडे आणखी वीतभर जागा आहे, तिथे मिठाची बरणी मावते, पण तिच्याशेजारी पक्कड मावत नाही.

अशा गाड्या विकणारा गिऱ्हाइकाला आधी सोफ्यावर बसवतो, मग टीव्ही लावून दाखवतो. शोरूममध्ये कांदा चिरून कुणी बघत नाही. ओट्याच्या वाट्याला उरलंसुरलं येतं ते त्यामुळेच, असं माझं मत आहे.

मामी म्हणजे माझी बायको. घरात सगळे तिला मामी म्हणतात, आता मीही. डोंबिवलीत तिने बरीच वर्षं पोळी-भाजी केंद्र चालवलं, तेही राहत्या घराच्या स्वयंपाकघरात. भाचा इंजिनिअर, स्वयंपाक स्वतः करतो आणि चांगला करतो. तेव्हा हा वाद दोन स्वयंपाक करणाऱ्यांचा होता आणि मी नुसता खाणारा. डायनेट म्हणून जे टेबल-बाक असतं तिथे बसून मी ऐकत होतो. दोघांच्याही उपायांची पहिली पायरी मला तिथून उठवण्याची होती, हे आधीच नोंदवून ठेवतो.

मुक्काम ग्रँड कॅन्यनच्या दक्षिण कड्यावर, माथर कॅम्पग्राउंडला. उंची सुमारे सात हजार फूट. गाडी लावायला जागा, जेवणाचं टेबल आणि शेकोटीचं कडं मिळतं. वीज-पाण्याची जोडणी, म्हणजे हुकअप, हवी तर शेजारच्या ट्रेलर व्हिलेजला जावं लागतं. म्हणजे आमचं पाणी टाकीतलं, दिवे बॅटरीवर, आणि जनरेटर लावायची मुभा ठरलेल्या तासांतच.

भाचा : जागा नाही असं म्हणू नकोस, मामी. हे बघ. सिंकवर हा पाट बसवला की सिंकचा ओटा झाला. शेगडीवर हे लाकडी झाकण टाकलं की शेगडीचा ओटा झाला. दीड फुटाचे चार फूट.

मामी : झाले. आता भाजी धू.

भाचा : त्यासाठी सिंकवरचा पाट काढायचा.

मामी : पाटावर ठेवलेलं कुठे जाईल?

भाचा : शेगडीवरच्या झाकणावर.

मामी : आणि कुकर?

भाचा : ...

मामी : म्हणजे स्वयंपाक नसतो तेव्हा तुझ्याकडे चार फूट ओटा असतो. स्वयंपाक सुरू झाला की पुन्हा दीड.

भाचा : असं नाही गं. सगळी कामं एकदम थोडीच होतात? आधी धुवायचं. मग सिंक झाकून चिरायचं. तेव्हा शेगडी थंड असते, तिचंही झाकण लावलेलं. चिरून झालं की शेगडी उघडायची. कामं ओळीने लावली की जागा फिरती राहते.

मामी : ओळीनेच करायची असतील तर दीड फूट पुरतं की. आणि ते झाकण उतरवायचं कधी, परत ठेवायचं कधी, याचा हिशोब कोण ठेवणार? गॅस बंद केल्यावर जाळी किती वेळ तापलेली असते माहितेय?

इथे भाचा गप्प बसला, कारण त्याने काचेचं झाकण टाळून लाकडी घेतलं होतं ते याच भीतीने. काही गाड्यांत शेगडीवर कडक काचेचं झाकण येतं. ते मिटलेलं असताना खाली चुकून बर्नर पेटला तर काच तडकून फुटते. लाकूड फुटत नाही, करपतं. सुधारणा म्हणायची तर एवढीच.

मामी : माझा नियम एकच. ओट्यावर जे दिसतं त्याचं काम चालू असलं पाहिजे. काम संपलं की ते ओट्यावरून गेलं पाहिजे. आता तुझ्या ओट्यावर काय दिसतंय सांगू? कॉफीचं यंत्र. सुऱ्यांचा ठोकळा. कागदी रुमालाचं उभं भेंडोळं. भांडी निथळायची जाळी. फळांची टोपली, त्यात दोन संत्री आणि तुझा चार्जर. यातलं कोण काम करतंय?

भाचा : कॉफीचं यंत्र सकाळी करतं.

मामी : वीज कुठेय?

भाचा : इथे नाही. पुढच्या मुक्कामी हुकअप असेल.

मामी : मग पुढच्या मुक्कामी ते बाहेर येईल. मायक्रोवेव्ह सध्या काय करतोय?

भाचा : तोही बंद.

मामी : बंद मायक्रोवेव्ह म्हणजे दाराचं फडताळ. घाल आत.

यंत्र आत गेलं, त्याच्या काचेच्या भांड्यात दोन्ही संत्री गेली. मामीने दारावर चिठ्ठी चिकटवली : ‘आधी रिकामा करा’. भेंडोळं वरच्या कपाटाच्या तळाला आडवं लटकलं, सुऱ्या एका खणात जाड फडक्यात गुंडाळून पडल्या. दीड फूट ओटा पहिल्यांदाच पूर्ण दिसला. त्याच्यावर जुन्या मालकाने तापलेला तवा टेकवल्याचा तपकिरी चंद्र होता. तो आत्तापर्यंत टोपलीखाली होता.

भाच्याने प्रामाणिकपणे आणखी एक गोष्ट कबूल केली. हुकअप असलं तरी अशा गाडीला बहुधा तीस अँपिअरचीच जोडणी असते. एकशेवीस व्होल्टने गुणलं तर ३,६०० वॅट. एसी चालू, मायक्रोवेव्ह चालू आणि वर कॉफीचं यंत्र, की खटका पडतो. ओट्यावर विजेची चार यंत्रं मांडता आली तरी चालतात एका वेळी दोन. उरलेली दोन जागा अडवून बसतात.

पण हार मानेल तर तो भाचा कसला. त्याने जर्मनी काढली.

भाचा : मामी, तू म्हणतेस ते आवरणं झालं. रचना वेगळी गोष्ट आहे. १९२६ साली फ्रँकफर्टमध्ये कामगारांच्या घरांसाठी मार्गारेट शुट्टे-लिहोत्स्की नावाच्या वास्तुविशारद बाईने स्वयंपाकघर आखलं. जेमतेम १.९ मीटर रुंद आणि ३.४ मीटर लांब. तिच्यापुढे नमुना होता रेल्वेच्या जेवणाच्या डब्यातल्या स्वयंपाकघराचा. तिने पावलं मोजली, हात कुठवर पोचतो ते मोजलं. ओढून काढायचा पाट, ओट्यातच केराचा खण, पिठा-तांदळाला चोचीचे अ‍ॅल्युमिनियमचे डबे. अशी दहा हजारांच्या आसपास स्वयंपाकघरं बांधली गेली. आज आपण ज्याला मॉड्युलर किचन म्हणतो त्याची ही आजी. म्हणजे कमी जागेचा प्रश्न रचनेने सुटतो.

मामी : ती बाई स्वतः स्वयंपाक करायची?

याचं उत्तर मला माहीत होतं आणि मी ते द्यायला नको होतं. पुढे म्हातारपणी त्या बाईंनी स्वतःच सांगितलं होतं की ते स्वयंपाकघर आखण्याआधी त्यांनी कधी घर चालवलं नव्हतं की स्वयंपाक केला नव्हता.

मामी : वाटलंच.

भाचा : अगं, म्हणून तर तिला दिसलं! रोज करणाऱ्याला आपण किती हेलपाटे घालतो ते कळत नाही. सवय झालेली असते.

मामी : हे मात्र खरंय. आणखी काय होतं त्यात?

भाचा : खालीवर होणारं, गोल फिरणारं स्टूल. बसून काम करता यावं म्हणून.

मामी : हं. म्हणजे स्वयंपाक न करणारीलाही कळलं की बसून करायची कामं असतात. तुझ्या गाडीत बसायला जागा आहे ती मामांनी धरलीय.

मला उठावं लागलं. मामी डायनेटवर बसली, ताट पुढ्यात ओढलं आणि बटाटे तिथे सोलले, कांदा तिथे चिरला, कोथिंबीर तिथे निवडली. ओट्यावर काही आलंच नाही. मुद्दा उंचीचाही आहे. ओटा उभ्याने काम करायच्या बेताचा, जवळपास छत्तीस इंच. डायनेटचं टेबल त्याहून बरंच खाली. मामी पाच फुटांना कमीच आहे, ओट्यावर सुरी चालवताना तिचे खांदे वर येतात. भाचा सहा फुटांचा. टेबलावर वाकून त्याची कंबर धरते. एकाच गाडीत दोघांचे ओटे वेगळे निघाले. जागेचं मोजमाप करताना स्वयंपाक करणाऱ्याची उंची कुणी धरत नाही, ती धरली पाहिजे.

त्या फ्रँकफर्टच्या स्वयंपाकघरावर पुढे एक आक्षेप घेतला गेला, तोही सांगायला हवा. ते एकीपुरतंच होतं. दुसरं माणूस मदतीला आत आलं की दोघांची टक्कर. त्यामुळे मदत करायला कुणी येईना आणि बाई आत एकटी पडली. आरव्हीत हे उलट्या बाजूने घडतं. एकटं पडायची सोयच नाही. मामी वळली की भाचा फ्रीजला चिकटतो, भाचा फ्रीज उघडतो तेव्हा मी बाकावर पाय वर घेऊन बसतो.

पुढचं भांडण पोळ्यांवरून झालं आणि तिथे पक्ष उलटे पडले. मला वाटलं होतं, पोळ्या हव्यात असं मामी म्हणेल आणि कशाला व्याप म्हणून भाचा नाही म्हणेल.

भाचा : मामी, आज पोळ्या कर ना. इथे येऊन तरी तुझ्या हातच्या पोळ्या...

मामी : नाही.

भाचा : एवढ्या हजारो पोळ्या लाटल्यास तू!

मामी : म्हणूनच सांगते. पोळी हा ओट्याचा सगळ्यात महागडा भाडेकरू. परात आली, पोळपाट आला, पिठीची वाटी आली, तेलाची वाटी, भिजलेली कणीक झाकून ठेवायला जागा, झालेल्या पोळ्यांचा डबा. तवा शेगडीवर. आणि शेवटी पीठ सगळीकडे. केंद्रात परवडायचं, कारण तिथे तास-दोन तास दुसरं कामच नसायचं. इथे तिघांना बारा पोळ्या लागतात. बारा पोळ्यांसाठी मी एवढी मांडामांड करायची?

भाचा : मग खायचं काय?

मामी : काल फ्लॅगस्टाफला दुकानात काय बघितलं? ती पातळ, मोठी, गव्हाच्या पिठाची, पोळीसारखी...

भाचा : टॉर्टिया.

मामी : तीच. थेट आचेवर भाजली की पदर सुटतात. तूप लाव आणि खा.

भाचा : ती पोळी नाही.

मामी : नाहीच. मी कुठे म्हटलं पोळी आहे म्हणून? पोळी आपण घरी खाऊ. तिथे माझा ओटा आहे.

भाच्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता, पण माझं मत मामीच्या बाजूने. सोनोरा हा अ‍ॅरिझोनाला लागून असलेला मेक्सिकोचा प्रांत गव्हाच्या टॉर्टियांसाठीच ओळखला जातो. आपण जिथे उतरलो आहोत तिथलीच ती पोळी. तिला परात लागत नाही. गाडीत काय शिजवायचं हे ठरवतानाच ओट्याचा निम्मा प्रश्न सुटतो किंवा चिघळतो. घरून निघताना मामीने भाजणी, मेतकूट, भाजून ठेवलेला रवा आणि कोरडं वाटण आणलं होतं ते याच हिशोबाने. ज्याचा पसारा मोठा ते काम घरच्या ओट्यावर उरकून घ्यायचं, गाडीत फक्त त्याचा शेवट करायचा.

मात्र एका बाबतीत भाच्याने तिला निरुत्तर केलं. मामीची पद्धत म्हणजे एकेक जिन्नस काढायचा, वापरायचा, परत ठेवायचा. टोमॅटोसाठी फ्रीज उघड, मिरचीसाठी उघड, दह्यासाठी उघड.

भाचा : मामी, हा घरचा फ्रीज नाही. याला कॉम्प्रेसर नाही. मागे गॅसची एवढीशी ज्योत जळते, तिच्या उष्णतेने आतला अमोनिया फिरतो आणि त्याने गारवा येतो. फार हळू गार होतो. तू चार वेळा दार उघडलंस की गेलेला गारवा भरून यायला त्याला तास लागतात. गाडीसुद्धा सपाट जागी उभी करावी लागते, नाहीतर तो नीट चालत नाही.

मामी : मग सगळं एकदम काढू? ओट्यावर गर्दी होईल.

भाचा : एकदम काढ, पण परातीत. परात डायनेटवर. काम झालेलं परातीतच परत टाकायचं आणि शेवटी सगळं एकदम आत. दार दोनदाच उघडायचं.

मामी : ...परात आणलीयस?

भाचा : पोळ्यांसाठी आणली होती.

ती परात कामाला लागली. परातीला कड असते हा तिचा गुण मामीच्याही लक्षात आला नव्हता. टोमॅटो गडगडत नाही, दह्याचा डबा कलंडला तरी दही आतच राहतं. बोटीवरच्या स्वयंपाकघरात शेगडीला आणि टेबलांना याच कारणासाठी कठडे लावतात.

खरी चकमक उडाली कुकरवरून. भाच्याला कुकर गाडीत नकोच होता. एवढं मोठं धूड, ठेवायला कपाट पुरत नाही. त्याऐवजी एक उथळ, झाकणाचं पातेलं. मामी म्हणाली, बरं, घाल त्या पातेल्यात तुरीची डाळ. सात हजार फुटांवर पाणी साधारण त्र्याण्णव अंश सेल्सिअसलाच उकळतं. कितीही मोठी आच केली तरी पाणी त्याच्यापुढे तापत नाही, वाफ तेवढी जास्त होते. डाळ फुटेना, गॅस जळतोय, टाकीतलं पाणी आटतंय, आणि एक बर्नर तासभर अडलेला. कुकरमध्ये दाब वाढतो, पाणी जास्त तापतं, डाळ शिजते. कुकर जागा खातो हे खरं. पण कपाटातली खातो, आणि बर्नर लवकर मोकळा करतो. भाच्याने कुकर मान्य केला. मग तापलेला कुकर उतरवायचा कुठे, हा प्रश्न आला.

भाचा : सिंकवरच्या पाटावर.

मामी : पाट हलतो. आणि गाडीत कुणी चाललं की सगळंच हलतं. चार शिट्ट्या झालेला कुकर मी हलत्या पाटावर ठेवणार नाही.

भाचा : मग ओट्यावर, लाकडी चकतीवर.

मामी : तिथे चिरलेलं असेल.

भाचा : नसेल. तुझाच नियम आहे ना, काम झालं की हलवायचं?

मामी : तापलेलं भांडं हातात असताना जागा करत बसायची नसते रे. ती आधीच रिकामी लागते. हे बघ, तुझे तीन बर्नर नावाला आहेत. पुढच्यावर कुकर आणि बाजूला कढई ठेवली की तिसऱ्यावर चहाचं आधणही मावत नाही. मग तिसरा पेटवायचाच नाही. तो ठेवायची जागा. लोखंडी जाळी आहे, जळायची भीती नाही, हलत नाही, पक्कडीच्या टप्प्यात आहे.

मला वाटतं त्या संध्याकाळी बोललं गेलेलं सगळ्यात उपयोगी वाक्य हेच. इतकं आखूनरेखून बोलणाऱ्या भाच्याला तिसऱ्या बर्नरकडे ओटा म्हणून बघायचं सुचलं नव्हतं, कारण तो त्याच्या यादीत शेगडीच्या खात्यात होता.

फोडणी बाहेर द्यायची यावर दोघांचं लगेच जमलं. आत मोहरी तडतडली की धुराची घंटा कोकलते, पडद्यांना हिंगाचा वास बसतो तो वेगळाच. गॅसचा गळती-इशारा तर जमिनीलगत, घोट्याच्या उंचीवर असतो, कारण प्रोपेन हवेहून जड, तो खाली साचतो. खाली बसून काही करावं असं मामीच्या मनात होतं ते तिने तिथेच सोडलं. बाहेरच्या टेबलावर भाच्याची दोन बर्नरची कोलमन शेगडी मांडली. तीन बाजूंना पत्र्याचा आडोसा असूनही वाऱ्याने दोनदा विझली, तिसऱ्यांदा गाडीच्या आडोशाला पेटली. टेबल लांबरुंद, मामीच्या ओट्यापेक्षाही मोठं. पण तिथे काही ठेवून आत जायचं नाही. कावळे टपलेले असतात, खारी असतात, आणि या कॅम्पात एल्क घरचे असल्यासारखे फिरतात. आमटीचं पातेलं घेऊन भाचा आत गेला तेवढ्यात एका डोमकावळ्याने कोथिंबिरीची जुडी पळवली.

जेवण झाल्यावर भाच्याने शेवटचा पत्ता टाकला. ओट्याच्या टोकाला बिजागरीने उचलून धरायची फळी लावायची, अठरा इंच. लागेल तेव्हा वर, नाही तेव्हा खाली. हिला पाटाची किंवा झाकणाची अडचण नाही, कारण ती सिंकवरही नाही आणि शेगडीवरही नाही. मामीलाही ते पटलं. निदान फळी कुठे येणार हे तिने डोळ्यांनी मोजेपर्यंत.

मामी : अरे, ही दारावर येते.

भाचा : अर्ध्या दारावर.

मामी : शेगडीशी आग लागली तर बाहेर कुठून पडायचं? फळी पाडत बसायचं?

भाचा : मागे सुटकेची खिडकी आहे.

मामी : त्या खिडकीतून मामा निघतील?

दोघांनीही माझ्याकडे पाहिलं. मी काही बोललो नाही.

भाचा : बरं, मग दुसऱ्या टोकाला लावू. सिंकच्या बाजूला.

मामी : तिकडे संडासाचं दार उघडतं.

भाचा : स्वयंपाकाच्या वेळात कोण जातंय?

मामी : हे तू मामांना विचार.

मी सांगितलं, जाईन. फळी अजून लागलेली नाही. भाचा म्हणतो संडासाला सरकतं दार बसवू. मामी म्हणते, सरकत्या दाराला जी भिंत लागेल ती मला दे, तिच्यावर मी झारा आणि पळी टांगेन.